दस्तगीरचा टॉवेल

एकदा एक वस्ताद होते. वय झालेलं, गुडघे गेलेले, आणि दोन्ही कान कुस्तीत मोडून असे गोळा झालेले की चष्म्याची काडी अडकायला जागाच उरली नव्हती. चष्मा ते दोरीनं डोक्याला बांधायचे. आयुष्यभर त्यांनी लाल मातीत पोरं घडवली. मग एक काळ असा आला की पोरं मातीत यायचीच बंद झाली. पोरांना आता एमएमए पाहिजे होतं. ठोसा पण, लाथ पण, कुस्ती पण, आणि सगळं एका जाळीच्या आत. वस्ताद म्हणाले, "बरं. पडायचं तर तिथंबी असतंयच की." आणि यंत्रमागाच्या एका बंद शेडमध्ये त्यांनी जिम काढली.

जिमचा थाट काय विचारता! पिंजऱ्याची जाळी आणली होती एका बुडालेल्या पोल्ट्रीतून. हवा दमट झाली की तिला अजून कोंबड्यांचा वास यायचा. ग्लोव्हजचा वास तर असा, की समोरचा ठोसा लागायच्या आधी वासानंच मागं सरायचा. प्रत्येक पोरानं स्वतःला एकेक इंग्रजी नाव घेतलेलं. जो सारखा खोकायचा तो 'थंडर'. आणि ज्याचं तोंड दातांचं गार्ड घातलं तरी बंद होत नव्हतं, तो 'सायलेंट किलर'.

ह्या जिममध्ये एक चेला होता, बसवराज. त्याला बसवराज फक्त त्याची आई म्हणायची, ते पण रागावली की. बाकी सगळ्या गावाला तो बश्या. अंगानं चपळ, हातानं त्याहून चपळ, पण डोकं कायम उचापतीत. एकदा त्यानं थंडरच्या लंगोट-गार्डाला आतून बाम चोळला. थंडर त्या दिवशी जो नाचला, तो त्याच्या बहिणीच्या हळदीत पण नाचला नव्हता. एकदा सगळे जोशात पोत्यावर ठोसे मारत होते, तर ह्यानं स्पीकरवर इंग्रजी गाण्याच्या जागी शेजारणीनं मोबाईलवर बोलून पाठवलेलं हळदीकुंकवाचं निमंत्रण लावलं. पोरं हसायची, शिव्या घालायची, परत हसायची. वस्ताद बघायचे, चष्म्याची दोरी जरा घट्ट करायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्यामुळं बश्याला वाटायचं, वस्तादांना पण मजा येते.

बश्याचा जिवाभावाचा दोस्त म्हणजे दस्तगीर. बालवाडीत दोघं एकाच चटईवर बसायचे आणि एकाच वेळी रडायचे. दस्तगीर मोठा होऊन गप्प झाला, बश्या झाला नाही. दस्तगीरचे वडील मोहिद्दीन चाचा यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. पोरानं पण शेडमध्ये यावं, हत्यार हातात धरावं, असं त्यांचं म्हणणं. दस्तगीरला मात्र जाळीच्या आत गेलं की जगातलं दुसरं काही सुचत नव्हतं. शेवटी बापलेकात एक तोड निघाली.

चाचा म्हणाले, "एकदा येऊन बघतो. जिंकलास तर लढ. हरलास तर येत्या सोमवारपासून माझ्यासंगट मागावर. मग तोंड वाकडं करायचं न्हाई."

"न्हाई करत, अब्बा."

आता जिमचा एक रिवाज होता. लढणाऱ्यानं आपला कोपरा आपण निवडायचा. कोपरा म्हणजे माणूस. तो जाळीबाहेर बसतो, मधल्या सुट्टीत स्टूल सरकवतो, पाणी पाजतो, तोंडातलं लाळेनं भरलेलं गार्ड काढून, धुऊन परत घालतो. नवराबायकोत पण एवढी जवळीक नसते. त्या कोपऱ्याच्या खांद्यावर एक पांढरा टॉवेल असतो. लढणारा मार खाऊन बधिर झाला, कुठं थांबायचं हे त्याचं त्याला कळेना, तर कोपऱ्यानं तो टॉवेल आत फेकायचा. टॉवेल मॅटवर पडला की लढत संपली आणि समोरचा जिंकला. का टाकला, कशाला टाकला, कुणी विचारायचं नाही. हा वस्तादांचा नियम, आणि तो कुणाच्या बापासाठी बदलत नव्हता. म्हणून पोरं कोपरा निवडताना फार विचार करायची. दस्तगीरनं विचार केलाच नाही. बश्या होता ना.

लढतीच्या दिवशी घरची मंडळी आली. पत्र्याच्या खुर्च्या मांडल्या. मोहिद्दीन चाचा पहिल्या रांगेत, हातांची घडी घालून, चेहरा असा की दाताच्या डॉक्टरकडं नंबर लावलाय. समोर दस्तगीर आणि सायलेंट किलर.

दस्तगीर त्या दिवशी काय लढला! दोन लाथा चुकवल्या, खाली शिरला, किलरला उचलून आडवा केला आणि छातीवर बसला. किलर खालून बोलतच होता, "अरे केस, केस सोड, केस धरायचे न्हाईत," आणि दस्तगीरनं केस धरलेच नव्हते. चाचांच्या हातांची घडी सुटली. ते पुढं सरकून बसले. बश्यानं ते बघितलं. सगळी शेड श्वास धरून गप्प झालेली बघितली.

आणि नेमका तेव्हाच त्याच्या डोक्यातला किडा वळवळला. एवढी शांतता, एवढी माणसं, आणि दोस्त वर बसलेला, जिंकत आलेला. अशा वेळी त्याच्याच कोपऱ्यानं हार मानली तर? ह्याच्यापेक्षा भारी गंमत जगात झाली नसेल. हात डोक्याच्या आधी चालला. टॉवेल जाळीवरून भिरभिरत गेला आणि दस्तगीरच्या डोक्यावर पदरासारखा पडला.

लोक हसले. खरंच हसले. एक शिंक यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ.

टॉवेल घसरून मॅटवर आला. वस्तादांनी शिट्टी वाजवली. ते काठी टेकत आत गेले, खाली दबलेल्या सायलेंट किलरला उभं केलं आणि त्याचा हात वर धरला. किलरच्या नाकातून रक्त येत होतं. तो म्हणाला, "मी? मी जिंकलो?" आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाला.

"वस्ताद, अवो मजा केली मी," बश्या जाळीला चिकटून ओरडला. "मजा! परत लावा की लढत!"

वस्तादांनी त्याच्याकडं बघितलं पण नाही. दस्तगीरनं बघितलं. तो ओरडला असता, अंगावर धावून आला असता, तर बरं झालं असतं. तो नुसता बघत राहिला. बालवाडीत आई सोडून गेली की बघायचा तसा.

मोहिद्दीन चाचा उठले. मजा काय, नियम काय, त्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं होतं की पोराच्या स्वतःच्या माणसानं पोराची हार मानली. जाताना ते दस्तगीरला म्हणाले, "ज्याला तू निवडलास त्यालाच तुझा भरवसा न्हाई. मग मी कुठनं आणू? सोमवारी मागावर ये."

बश्यानं हे ऐकलं. आणि त्याचे कान असे तापले, जसा कुणी त्यांना त्याचाच तो बाम चोळला असावा.

दुसऱ्या दिवशी जिममध्ये सगळे वाट बघत होते, वस्ताद बश्याला काय शिक्षा देतात. थंडरला वाटत होतं, दंड मारायला लावून त्याची खिचडी करतील. किलर म्हणत होता, हाकलूनच देतील. बश्या स्वतःच ओणवा होऊन तयार उभा होता. वस्ताद आले. हातात तोच टॉवेल, धुतलेला, घडी घातलेला. त्यांनी तो बश्याच्या खांद्यावर ठेवला.

"कोपरा एकदा निवडला तो निवडला. दस्तगीर परत जाळीत उतरला, तर त्याचा टॉवेल ह्याच्याकडंच राहील," ते म्हणाले. "तोवर, बश्या, जिममध्ये असशील तेवढा वेळ खांद्यावरनं काढायचा न्हाई. आणि घाम पुसायचा न्हाई त्याला."

सगळी पोरं बघतच राहिली. "वस्ताद," किलरला राहवेना, "ह्याला? परत? अवो, कालच तर..."

"तू जिंकलायस न्हवं? मग दोरीवरच्या उड्या मार जा."

बश्या म्हणाला, "वस्ताद, दंड तरी मारतो. पाचशे मारतो. हजार मारतो."

"गरज न्हाई." वस्ताद चष्म्याची दोरी घट्ट करत निघून गेले.

बश्याला काही उमगेना. पण खांद्यावरचा टॉवेल सारखा टोचत होता. शेवटी सोमवारी तो उठला आणि टॉवेल तसाच खांद्यावर ठेवून मोहिद्दीन चाचांच्या शेडकडं गेला.

यंत्रमागाच्या शेडमध्ये कधी गेलाय का? आत शंभर बैलगाड्या एकदम दगडावरून धावाव्यात असा खडखडाट. चाचा एका मागाखाली वाकून पाना फिरवत होते. पलीकडं दस्तगीर तेलाचा डबा धरून उभा होता. त्यानं बश्याला बघितलं आणि तोंड फिरवलं.

"चाचा," बश्या हळूच म्हणाला, "मी मजा केली."

"क्काय?"

"मजा केली!"

"कसला गजरा केला?"

"अवो मजा!" बश्यानं छातीत हवा भरली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "दस्तगीर हरत नव्हता! तोच जिंकत होता! मी नुसतं लोकांनी हसावं म्हणून..."

आणि तेवढ्यात लाईट गेली. सगळे माग एकदम थांबले. त्या गपगार शेडमध्ये बश्याचा आवाज पत्र्यापर्यंत जाऊन घुमला, "...टॉवेल टाकला, मी गाढव हाय, चाचा!"

मागापाशी उभे असलेले सगळे कामगार, सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाया, चहा घेऊन आलेला माणूस, सगळे बश्याकडं वळले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बश्याला बरं वाटलं असतं. एका बाईनं नुसतं 'च्' केलं. तो 'च्' बश्याच्या मनात अजून आहे.

चाचांनी पाना खाली ठेवला, फडक्याला हात पुसले. "हसावं म्हणून?"

"व्हय."

"मग हसले का?"

"हसले. थोडं."

चाचा दस्तगीरकडं बघून म्हणाले, "आणखी एकदा येतो बघायला. हा आला म्हणून न्हाई. तू जिंकत होतास म्हणून. पण अट तीच. आणि ह्याच्या हातात काही देऊ नका."

त्यानंतर बश्या रोज जाळीबाहेर बसू लागला. दस्तगीर त्याच्याशी बोलायचा नाही. पाणी प्यायचा, बाटली परत द्यायचा, पण बाटलीकडं बघून, बश्याकडं नाही. बोलायला कुणी नाही, खांद्यावर टॉवेल, हात बांधलेले, मग बश्या करणार काय? तो बघू लागला. इतकी वर्षं तो दस्तगीरच्या सोबत होता, पण त्याला नीट बघितलं असं कधी नव्हतंच. आता कळू लागलं, की दस्तगीर दमला की डावी टाच टेकतो. घाबरला की नाकानं श्वास घ्यायचा सोडून तोंडानं घेतो. आणि दुखलं तरी कधीच थाप मारत नाही. थाप मारणं म्हणजे मॅटवर किंवा समोरच्याच्या अंगावर हात आपटायचा, 'सोड बाबा, हरलो' म्हणून. बाकीची पोरं दिवसातून चारदा मारायची. दस्तगीर दात आवळायचा आणि त्याचा वरचा ओठ पांढरा व्हायचा. एकदा स्पीकरवर कुणाचा तरी मोबाईल जोडलेला होता, कुणाचं लक्ष नव्हतं, बश्याचा हात गेलाच होता तिकडं. टॉवेल खांद्यावरून जरा घसरला. त्यानं हात मागं घेतला आणि टॉवेल सावरला.

परत लढत ठरली. परत तेच दोघं, कारण सायलेंट किलरला स्वतःचीच जीत पचत नव्हती. "मला जिंकल्यासारखं वाटंना झालंय," असं तो ज्याला त्याला सांगत सुटला होता, आणि मरणाची मेहनत करत होता.

मोहिद्दीन चाचा आले, खुर्चीत बसले आणि त्यांना बश्या दिसला. खांद्यावर टॉवेल. ते तसेच उठायला लागले. वस्तादांनी काठीनं त्यांची वाट अडवली.

"बसा."

"वस्ताद, मी सांगितलं होतं..."

"माझी जिम हाय. बसा."

चाचा बसले, पण खुर्चीच्या कडेला.

सुरुवात दस्तगीरनं छान केली. पण किलर आता पहिला राहिला नव्हता. बोलता बोलता त्यानं दस्तगीरला खाली ओढलं, पाय वर टाकले आणि त्याचा हात मांड्यांमध्ये असा पकडला, की कोपर उलट्या बाजूला वाकायला लागलं. हा डाव लागला की दोनच वाटा, थाप मारायची नाहीतर हात घालवायचा. वस्ताद पलीकडच्या बाजूला होते, त्यांना तिकडून नुसती दस्तगीरची पाठ दिसत होती. दस्तगीरचं तोंड बश्याच्या कोपऱ्याकडं होतं.

"थाप मार की लेका!" किलर खालून म्हणत होता. "मोडंल! खरंच मोडंल!"

दस्तगीरनं मान हलवली. त्याचे डोळे पहिल्या रांगेवर होते. अब्बांवर. दात आवळलेले. बश्यानं बघितलं, तर वरचा ओठ पांढरा.

बश्याचा हात टॉवेलवर गेला आणि तिथंच थिजला. टाकला की दस्तगीर हरला. टाकला की मागावर, कायमचा. आणि टाकणारा कोण, तर बश्या. लोक परत हसतील. चाचा परत उठतील. दस्तगीर परत तसाच बघेल. नाही टाकला तर कुणी बश्याला बोल लावणार नाही. थाप मारायची तर दस्तगीरनं मारायची, त्याचा हात, त्याचा बाप. ह्याच्याइतकं सोपं बश्याच्या आयुष्यात काही आलं नव्हतं. नुसतं बसून राहायचं.

कोपर आणखी थोडं वाकलं. दस्तगीरची डावी टाच टेकली.

बश्यानं दोन्ही हातांनी टॉवेल काढला, जसं ओलं घोंगडं उचलावं तसा, आणि आत टाकला. मग डोळे मिटून हसण्याची वाट बघत उभा राहिला.

कुणी हसलं नाही.

डोळे उघडले तेव्हा किलरनं हात सोडलेला होता आणि तोच रडवेला झाला होता. "सोडला मी, लगेच सोडला, बघा की." दस्तगीर कोपर धरून बसला होता.

"परत?" तो बश्याला म्हणाला. इतक्या दिवसांत बोललेला तो पहिला शब्द. "परत केलंस?"

मोहिद्दीन चाचा जाळीचं दार उघडून आत आले. आधी बश्याच्या समोर उभे राहिले.

"आज पण मजा?"

"न्हाई, चाचा." बश्याची मान खालीच होती. "आज खरं."

चाचा खाली बसले. मागाचा एखादा भाग तपासावा तसं त्यांनी दस्तगीरचं कोपर दोन बोटांनी चाचपलं, हळूच वाकवलं, सरळ केलं. सरळ झालं. दस्तगीर कळवळला, पण झालं. चाचांनी एक मोठा श्वास सोडला. डाव लागल्यापासून तो त्यांनी धरूनच ठेवला होता, हे तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं असावं.

"सोमवारी मागावर येऊ नको," ते म्हणाले.

दस्तगीरला वाटलं, हाताचं बोलतायत. "बरा झाल्यावर येतो, अब्बा. अट हाय."

"बरा झाल्यावर हितं ये." चाचांनी बश्याकडं मान हलवली. "आधी वाटलं होतं, तुला एकट्याला सोडतोय ह्या कोंबड्यांच्या खुराड्यात. तसं न्हाई दिसत."

थंडरनं बर्फ आणला. वस्तादांनी मॅटवरचा टॉवेल उचलला, त्यात बर्फ गुंडाळला आणि दस्तगीरच्या कोपराला बांधला. माणसं पांगायला लागली. बश्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता, खांदा रिकामा वाटत होता म्हणून हात तिथं धरून.

"वस्ताद," त्यानं विचारलं, "तवा मलाच का दिला टॉवेल? एवढी शहाणी पोरं होती."

वस्ताद त्याच्याशेजारी खाली टेकले. गुडघे वाजले.

"शहाण्या पोरांच्या खांद्यावर तो नुसता फडका हाय, बश्या. तो टाकल्यावर आत काय मरतं, ते त्यांनी कधी बघितलंच न्हाई. तू बघितलंस. त्या दिवशी तुझ्या हातात तो हलका होता, म्हणून उडाला. आज तुला तो उचलवत नव्हता, आणि तरी उचललास. मला असला हात पाहिजे होता. ज्याला टाकायची लाज वाटते आणि तरी वेळेला जो टाकतो, त्याच्यापाशीच दुसऱ्याचा जीव ठेवावा."

"मग शिक्षा का न्हाई केली? मी मागत होतो."

"केली असती तर हजार दंड मारून मोकळा झाला असतास." वस्तादांनी चष्म्याची दोरी सैल केली. "मोकळं व्हायची एवढी घाई कशाला?"

बश्यानं खांद्यावरचा हात काढला. लाज गेली नव्हती. पण ती आता कानांत तापत नव्हती. खाली कुठंतरी जाऊन बसली होती, घरातल्या माणसासारखी.

पुढच्या आठवड्यात दस्तगीर आला, हात गळ्यात अडकवलेला. जिममध्ये सगळे होते. तो सरळ बश्यापाशी गेला आणि धुतलेला टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला.

"अम्मीनं धुतलाय. नीळ जास्त पडली."

टॉवेल खरंच निळा दिसत होता. एरवी बश्यानं ह्यावर दहा विनोद केले असते. त्यानं नुसती घडी सारखी केली.

"हात कसा हाय?"

"बरा हाय." दस्तगीर त्याच्याकडं बघून म्हणाला. बाटलीकडं नाही.

आपल्याला न विचारता, विचार पण न करता, कुणीतरी आपल्याला स्वतःचा कोपरा म्हणून निवडून टाकलेलं असतं. तुमच्या पण खांद्यावर कुणाचा तरी टॉवेल असेल. एकदा हात लावून बघा.